गोल्फच्या काठीचं, म्हणजे क्लबचं, डोकं नेमकं कुठं तुटतं? नव्या फाउंड्रीवाल्यांसाठी पायरीपायरीनं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणाच्या टेबलावर गोल्फची काठी दिसली की पहिला प्रश्न ठरलेला: "हे बिडाचं हाय काय?" विचारणाऱ्याची चूक नाही. त्या काठीला म्हणतात आयर्न, आणि ज्या गावात घरटी एकजण फाउंड्रीत आहे तिथं आयर्न म्हटल्यावर डोळ्यापुढं ओतीव लोखंड, म्हणजे बीडच येणार. पण आयर्नमध्ये बीड नसतं, स्टील असतं. आणि 'वूड' म्हणवणाऱ्या काठीत आज लाकडाचा कपटाही नसतो. १९७९ साली टेलरमेड कंपनीनं स्टेनलेस स्टीलचं पोकळ डोकं बाजारात आणलं, तेव्हापासून पर्सिमनचं लाकूड मागं पडत गेलं. नाव तेवढं राहिलं.

गोल्फ कसा खेळायचा ते इथं मिळणार नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत नुकतीच डिझाइनला, पॅटर्नशॉपला लागलेली जी पोरं आहेत, ज्यांनी गोल्फचा चेंडू कधी हातात धरलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मीही तसाच होतो. भाच्याच्या मित्रानं एक तुटलेली सात नंबरची आयर्न आणून दिली, "मामा, जोडून द्या की," म्हणाला. मी टिग वेल्डिंगनं जोडली, वर घासून चकाचक केली. दुसऱ्याच दिवशी वेल्डच्या शेजारी पुन्हा तुटली आणि डोकं दहा-बारा फूट लांब जाऊन पडलं. नशीब, समोर कुणी नव्हतं. ते का तुटलं हे शोधता शोधता जे कळलं ते पुढं लिहिलं आहे.

पायरी १: भागांची नावं

डोकं हातात घ्या. चेंडूला लागते ती सपाट बाजू म्हणजे फेस. वरचा भाग माथा किंवा क्राउन, खालचा सोल. दांडा ज्या नळीत बसतो ती होझल. होझलकडची बाजू टाच, लांबची बाजू टोक. काठ्यांत ड्रायव्हर (तोही एक वूडच) सगळ्यात मोठा, पोकळ, आयर्न पात्यासारखं, पुटर हिरवळीवर चेंडू हलकेच ढकलायला. तिघांवर येणारा भार इतका वेगळा आहे की एकाचा नियम दुसऱ्याला लावायला गेलात तर फसाल.

पायरी २: मार किती बसतो, कागदावर काढा

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी हे करा. नियमानं चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा. बऱ्यापैकी खेळणाऱ्याच्या ड्रायव्हरचं डोकं सेकंदाला ४५ मीटर वेगानं येतं आणि चेंडू साधारण ६५ मीटरनं सुटतो. संवेग झाला ०.०४५९ गुणिले ६५, म्हणजे जवळजवळ ३ न्यूटन-सेकंद. चेंडू आणि फेस एकमेकांना चिकटून असतात तो वेळ अर्धा मिलिसेकंद. भागाकार केला की सरासरी बल येतं ६,००० न्यूटन, म्हणजे सहाशे किलोचं वजन. शिखराला ते दीडपट-दुप्पट होतं.

गंगावेशीत धार काढायला उभ्या असतात त्यातल्या दोन म्हशी दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेवर क्षणभर उभ्या राहिल्या, असं समजा. आणि हे एकदा नाही. आठवड्याला पन्नास फटके मारणारा माणूस वर्षाला अडीच हजारांवर फटके मारतो. म्हणजे एका फटक्यात फुटतं का, एवढंच बघून चालत नाही. बाइंडिंगची तार एकदा वाकवून तुटत नाही, मागं-पुढं केली की तुटते. इथं प्रश्न त्या मागं-पुढंचा आहे.

पायरी ३: धातू किती मिळणार, ते बघा

नवा माणूस पहिल्यांदा म्हणतो, "तुटतंय ना? जाड करा." जाड करायला धातूच नसतो, ही खरी अडचण आहे.

ड्रायव्हरच्या डोक्याचं वजन साधारण २०० ग्रॅम ठेवावं लागतं, नाहीतर वेग येत नाही. आकाराला नियमाची कमाल मर्यादा ४६० घनसेंटिमीटर, आणि चुकलेल्या फटक्यालाही डोकं कमी फिरावं म्हणून बहुतेक सगळे त्या मर्यादेच्या जवळ जातात. आता ४६० घनसेंमीचा नुसता गोळा धरा. त्याचं पृष्ठफळ २८८ चौरस सेंटिमीटर येतं. २०० ग्रॅम स्टील म्हणजे सुमारे २५.६ घनसेंमी धातू. तो सगळीकडं सारखा पसरला तर जाडी ०.९ मिमी. प्रत्यक्षातलं डोकं गोल नसतं, त्यामुळं पृष्ठफळ आणखी वाढतं आणि जाडी आणखी कमी. त्यातच होझल, त्यातच फेस. फेसला तीन मिमी द्यायचे तर आणायचे कुठून?

हाच हिशेब टायटॅनियमनं करा. घनता ४.४३, त्यामुळं तेवढ्याच वजनात ४५ घनसेंमी धातू मिळतो आणि सरासरी जाडी दीड मिमीच्या वर जाते. कॅलवे कंपनीनं १९९१ मध्ये आणलेली 'बिग बर्था' ही ड्रायव्हर काठी स्टीलची होती, १९० घनसेंमीची. १९९५ ची ग्रेट बिग बर्था टायटॅनियमची, २५० घनसेंमीची. आकार वाढला तो मुख्यतः या भागाकारामुळं. जाहिरातीत टायटॅनियमला अवकाशयानाचा धातू म्हणतात. खरं कौतुक त्याच्या हलकेपणाचं आहे.

पायरी ४: फेसला स्प्रिंग समजा

फेस म्हणजे कडेनं धरलेली ताटली. मध्ये भार आला की ती आत वाकते आणि परत येते. या वाकण्यामुळं चेंडू कमी चेपतो, चेंडूत वाया जाणारी शक्ती वाचते, चेंडू लांब जातो. म्हणजे फेस वाकायला हवा, पण तुटायला नको. आमच्या पंपाच्या कव्हरला वा ब्रेक ड्रमला असली दुहेरी मागणी कधी नसते.

दोन गोष्टी पाठ करा. ताटलीतला ताण जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो आणि वाक जाडीच्या घनाच्या. तीन मिमीचा फेस २.७ केला, म्हणजे दहाच टक्के घासला, तर ताण २३ टक्के वाढतो आणि वाक ३७ टक्के. तीनचा दोन केला तर ताण सव्वादोनपट, वाक जवळजवळ साडेतीनपट. ग्राइंडरवाल्याचा हात दोन सेकंद जास्त टेकला तर काय होतं ते यातून कळेल.

यावर उपाय म्हणून फेस सगळीकडं सारखा ठेवतच नाहीत. मध्यभागी भार जास्त, तिथं तीन-साडेतीन मिमी. कडेकडं उतरत दोनच्या आसपास. जाड मध्य भार पेलतो, पातळ कडा बिजागरीसारखी लवते आणि बाजूला लागलेल्या फटक्यालाही साथ देते. किती लवू द्यायचं यालाही मर्यादा आहे. फेसवर लंबकाचा छोटा गोळा आपटून तो किती वेळ चिकटतो हे मोजतात: २३९ मायक्रोसेकंद, वर १८ ची सवलत, म्हणजे २५७.

मजा अशी की मार खाऊन खाऊन फेस सैल पडतो आणि नवीन असताना नियमात बसणारा ड्रायव्हर वापरानं नियमाबाहेर जातो. २०२५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये स्कॉटी शेफलर या गोल्फपटूचा ड्रायव्हर तपासणीत असाच नापास झाला, त्यानं दुसरा घेतला आणि स्पर्धा जिंकलीही. असा फेस बरेचदा तडकण्याच्या वाटेवर असतो.

पायरी ५: जोड बघा, जोड

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढी पायरी वाचा.

कोल्हापुरी चप्पल कधी तळव्याच्या मध्यावर तुटते का? अंगठ्याच्या मुळाशी तुटते, पट्टा तळव्यात शिरतो तिथं. चामडं दोन्हीकडं चांगलंच असतं. मऊ आणि ताठ जिथं भेटतात तिथं सगळा ताण येऊन साचतो. डोक्याचंही तसंच. पातळ फेस जाड सोलला भेटतो तिथं, फेस माथ्याला भेटतो तिथं, होझल टाचेला भेटतो तिथं. तुटलेली दहा डोकी गोळा केलीत तर बहुतेक या तीन ठिकाणांवरच बोट ठेवाल.

यात एक बारकावा आहे. चेंडू समोरून दाबतो तेव्हा फेसच्या मध्यभागी बाहेरची बाजू दाबली जाते आणि आतली बाजू ताणली जाते. कडेला उलटं होतं: ताटली तिथं धरलेली असल्यानं बाहेरची बाजू ताणली जाते. धातू तडकतो तो ताणल्यानं. म्हणून मध्यातली चीर आतून सुरू होते आणि बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. कडेची चीर मात्र बाहेरून दिसते, बरेचदा शेवटच्या खाचेला धरून. आयर्नच्या फेसवरच्या खाचा नियमानं ०.५०८ मिमीपर्यंत खोल असू शकतात. दोन मिमीच्या फेसमधून अर्धा मिमी गेला तर त्या पट्टीत उरले दीड. वर्गाचा हिशेब लावा: ताण पाऊणपटीनं जास्त. त्यात खाचेचा तळ टोकदार असेल तर आणखीच. म्हणून पहिली खाच कडेला अगदी चिकटवू नका आणि खाचेच्या तळाला गोलाई द्या, टूल कितीही बारीक असो.

कोपऱ्याला गोलाई द्यायची हे सगळेच सांगतात. फाउंड्रीवाल्याला पुढचंही माहीत असतं: गोलाई वाढवत नेली की तिथं धातूचा गोळा साठतो, तो शेवटी थंड होतो आणि आत शिंकेज (धातू आक्रसून पडलेली पोकळी) राहतं. बाहेरून भरभक्कम, आतून स्पंज. नवख्यानं इथं कंपास घ्यावा. छेदाच्या चित्रावर जोडात बसेल तेवढं मोठं वर्तुळ काढा. भिंत तीन मिमीची आणि वर्तुळ साडेचारचं आलं तर वर्गांचं प्रमाण सव्वादोन. एवढा हॉटस्पॉट असेल तर गेट (धातू आत यायची वाट) तिकडून द्या, नाहीतर जोडाच्या मागचा धातू पोखरून काढा. बऱ्याच डोक्यांत जोडामागं आतून एक खोबणी दिसते, त्याचं एक कारण हेही असतं.

वेल्डचं काय? फेस वेगळा करून अंगाला जोडायचा तर वेल्ड नेमका सगळ्यात जास्त ताणाच्या रेघेवर येतो. म्हणून फेसच वाटीसारखा घडवतात, काठ मागं वळवलेले, आणि वेल्ड माथ्यावर व सोलवर सरकवतात. माझ्या त्या सात नंबरच्या आयर्नचा घोळ इथंच होता. ती १७-४ स्टेनलेसची होती. हे स्टील ४८२ अंशांवर तासभर ठेवून कडक करतात. मी वेल्ड मारला, शेजारच्या पट्टीतलं ते कडकपण उतरलं, आणि पुन्हा उष्णतेची प्रक्रिया मी केलीच नाही. वेल्ड टिकला, शेजार गेला.

पायरी ६: होझल

तालमीतली गदा फिरवलेल्याला हे सांगावं लागत नाही: लांब दांड्याच्या टोकाला वजन असलं की खरी परीक्षा मानेची. फक्त एक फरक ध्यानात घ्या. चेंडूचा मार इतका क्षणिक असतो की तेवढ्यात दांड्याला नीट वाकायलाही सवड मिळत नाही. डोकं त्या क्षणी जणू मोकळंच असतं. होझलची माती करतात त्या बाकीच्या गोष्टी: गवताखालचा दगड, झाडाचं मूळ, सरावाच्या मॅटखालचं काँक्रीट. आपल्याकडच्या मुरमाड जमिनीवर तर जास्तच.

आयर्नच्या होझलचं भोक ९.४ मिमी असतं आणि बाहेरचा व्यास साधारण १३. म्हणजे भिंत दोन मिमीपेक्षाही कमी. भोक जिथं संपतं तिथं ड्रिलच्या टोकाचा कोपरा राहतो आणि नेमकी तिथूनच भरीव मान सुरू होते. पोकळ-भरीवची ही सीमा टाचेच्या वळणावर येऊ देऊ नका. भोक पाच-सात मिमी वर किंवा खाली न्या. ड्रॉइंगमध्ये ही दुरुस्ती फुकट होते.

होझल वाकवून कोन जुळवून देणारे लोक असतात. घडीव, मऊ कार्बन स्टील असेल तर ते खुशाल वाकतं. १७-४ चं ओतीव असेल तर एक-दोन अंशांवर थांबा. आणि स्वस्त सेटमधली जस्ताच्या मिश्रधातूची डोकी असतील तर हातच लावू नका, खडूसारखी तुटतात.

पायरी ७: माथा आणि सोल

माथ्यावर थेट मार नसतो, म्हणून वजन तिथलं कमी करायचं. टायटॅनियममध्ये तो ०.६ मिमीच्या आसपास आणतात, नाहीतर सरळ कार्बन फायबर. पण फेस आत वाकला की माथा फुगतो-दबतो. फार पातळ असेल तर लहरतो आणि आवाज डब्यासारखा येतो. आतून एक-दोन रिब (आधाराच्या उभ्या पट्ट्या) दिल्या की भागतं. रिबचं टोक मात्र उतरतं ठेवा, एकदम तोडलेली रिब म्हणजे नवा जोड झाला. सोल घासला जातो, त्याला थोडं जास्त द्या. बास.

पायरी ८: धातूची निवड

आपल्या ओळखीच्यापासून सुरुवात करू. एफजी २६० म्हणजे साधं राखाडी बीड, २६० मेगापास्कलला तुटणारं. त्यात ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपात असतं आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे आधीच पडलेली चीर. ड्रायव्हर सोडाच, आयर्नलाही नको. एसजी ५००/७ या दुसऱ्या जातीच्या बिडात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात, ताकद ५०० आणि तुटण्याआधी सात टक्के ताणलं जातं. जाड, कमी माराच्या डोक्याला चालेल. १७-४ स्टेनलेस पूर्ण कडक केलं की १,३०० च्या आसपास. टायटॅनियमचा सहा-चार मिश्रधातू ९०० च्या आसपास, पण वजन निम्म्यापेक्षा थोडंच जास्त आणि स्टीलच्या मानानं लवचीकही जवळजवळ दुप्पट. पातळ फेससाठी मॅरेजिंग स्टील असतं, त्याची काही प्रतवारी २,००० पर्यंत जाते.

आकडा मोठा म्हणून निवडू नका. त्याच १७-४ ला ६२१ अंशांवर चार तास ठेवलं तर ताकद हजाराच्या आत येते, पण चिवटपणा वाढतो. होझलला दगड लागणार असेल तर मला स्वतःला थोडं मऊ चालेल.

पायरी ९: पहिलं डोकं पुटरचं ओता

पहिल्याच फटक्यात ड्रायव्हर करायला निघालेली पोरं मी बघितली आहेत. टायटॅनियम आपल्या इंडक्शन भट्टीत वितळवता येत नाही. वितळताना तो हवेतला ऑक्सिजन खातो आणि भट्टीच्या अस्तरालाही सोडत नाही. त्याला निर्वात भट्टी लागते. एवढं करूनही साच्याला लागलेल्या पृष्ठभागावर ठिसूळ थर बनतो, तो आम्लात विरघळवून काढावा लागतो. राहिला तर चिरांची सुरुवात तिथूनच. आयर्नसाठी मेणाचा नमुना, त्यावर सिरॅमिकचे थर, मेण वितळवून काढायचं आणि मग ओतायचं. ही पद्धत शिकण्यासारखी आहे, पण आपल्या वाळूच्या साच्याची ती नव्हे.

पुटर मात्र वाळूतच होईल. डोक्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या घरात, म्हणजे वेगाच्या वर्गानं पाहिलं तर ड्रायव्हरच्या तुलनेत मार पाचशे पटीनं कमी. एसजी बिडात ११.५ गुणिले २.५ गुणिले १.७ सेंमीचा ठोकळा घ्या: ४९ घनसेंमी, घनता ७.१, वजन ३४७ ग्रॅम. पुटरला एवढंच हवं. मग मधला मागचा भाग पोखरा आणि तेवढा धातू टाचेला आणि टोकाला द्या. जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर असलेल्या कार्स्टन सोलहाइमनं १९६० च्या दशकात हेच केलं आणि त्यातून पिंग कंपनी उभी राहिली. पोखरताना फेसमागं चार मिमीच्या खाली जाऊ नका. ताकदीची अडचण नाही. वाळूच्या साच्यात त्यापेक्षा पातळ भिंत भरेलच याची खात्री नसते. फेस नंतर व्हीएमसीवर (संगणकी मिलिंग मशीनवर) मारून घ्या. वर प्लेटिंग करा, नाहीतर पंचगंगेला पूर येईपर्यंत तांबेरलेलं असेल.

पायरी १०: तपासणी

मोठ्या कंपन्या हवेच्या तोफेनं डोक्यावर हजारो चेंडू झाडतात. आपल्याकडं तोफ नाही, पण डाय पेनिट्रंट आहे. लाल रंग लावा, दहा मिनिटं थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर फवारा. चीर असेल तर कुंकवाची रेघ उमटते. पायरी पाचमधली तीन ठिकाणं आणि कडेच्या खाचा आधी बघा. आतून सुरू झालेली चीर मात्र यात सापडणार नाही, तिला एक्स-रे लागतो.

वाजवूनही बघा. कुंभाराकडं मडकं घेताना टिचकी मारतो तसं, डोकं दोरीला टांगून. चांगलं डोकं लांब वाजतं, तडकलेलं बद्द करतं. एकाच मॉडेलची दोन डोकी शेजारी टांगलीत तर फरक कानाला लगेच कळतो. नव्या डोक्याच्या फेसवरून उंचवट्याचा पत्र्याचा टेम्प्लेट कापून ठेवा. वापरलेल्या डोक्यावर तो टेकवल्यावर मध्ये फट दिसली तर फेस आत बसला आहे. ड्रायव्हरचा फेस मुळातच थोडा फुगीर असतो, सरळ पट्टी लावून फसू नका.

प्रत्यक्ष फटका मारून बघायचा असेल तर बघणाऱ्यांनी खेळणाऱ्याच्या मागं किंवा पुढं, डोकं ज्या रेषेत फिरतं तिच्यात उभं राहू नये. माझ्या त्या आयर्नचं डोकं नेमकं त्याच रेषेत उडालं होतं.

आणि पोकळ डोकं हलवल्यावर आत काही खडखडलं तर लगेच कापायला घेऊ नका. वजन जुळवायला आणि आवाज बसवायला आत चिकट गोंद ओतलेला असतो; जुना झाला की त्याचा खडा सुटतो. डोकं उन्हात तासभर ठेवा, खडा ज्या बाजूला हवा ती बाजू खाली करून. गोंद मऊ होऊन चिकटला आणि आवाज थांबला तर तो गोंदच होता. नाही थांबला तर होझलमधून दांडा सोडवा, भोकातून टॉर्च मारा आणि फेसची आतली बाजू बघा.